बास गरवण्यासाठी फ्लोरोकार्बनची दोरी कशी निवडावी

टेक्सासमध्ये डॅलसहून पूर्वेला गाडीने साधारण दीड तास गेले, की लेक फोर्क नावाचा जलाशय लागतो. १९८० साली धरणामुळे तयार झालेला आणि सुमारे २७ हजार एकरांवर पसरलेला हा तलाव बास माशासाठी अमेरिकाभर प्रसिद्ध आहे. टेक्सास राज्याच्या विक्रमात नोंदलेला लार्जमाउथ बास, १८.१८ पौंडांचा म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलोंचा, जानेवारी १९९२ मध्ये याच पाण्यातून निघाला. तलावाच्या वाटेवरच्या मासेमारीच्या दुकानात शिरले, की एक अख्खी भिंत दोरीच्या स्पूलांनी भरलेली दिसते आणि त्यांतल्या निम्म्यांवर तरी ‘पाण्यात दिसत नाही’ या अर्थाची काहीतरी ओळ छापलेली असते. नवखा माणूस तिथे बराच वेळ घुटमळतो आणि शेवटी किंमत बघून, नाहीतर डबीचा रंग आवडला म्हणून, त्यातले एक उचलतो. पहिली दोन वर्षे मीही तेच केले.

कोकणात गळाच्या नायलॉनच्या दोरीला तंगूस म्हणतात. फ्लोरोकार्बनची दोरी हातात घेतली तर ती तंगूसासारखीच दिसते: पारदर्शक, गुळगुळीत, एकसंध. म्हणूनच ही तंगूसाची महागडी आवृत्ती आहे असा समज होतो. वास्तविक हा निराळाच पदार्थ आहे आणि त्याच्या निवडीत अदृश्यपणाला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याचे नाही, असे माझे मत आहे. महत्त्व आहे ते त्याच्या वजनाला.

आधी मासा कोणता ते पाहू. लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला हिरवट रंगाचा शिकारी मासा असून त्याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला असतो. तो भक्ष्याच्या मागे मैलोगणती पोहत बसत नाही. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी, पाणवनस्पतींच्या कडेला किंवा खडकाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेल्या वस्तूवर झडप घालतो. त्यामुळे गळाची दोरी जिथे हमखास घासली जाईल अशाच जागी आमिष टाकावे लागते. लेक फोर्कमध्ये धरण भरताना अनेक ठिकाणची झाडे उभीच ठेवली गेली आणि त्यांची बोडकी खोडे आजही पाण्याबाहेर डोकावतात. दोरीची खरी परीक्षा तिथे होते.

आज बास गरवणाऱ्यांपुढे तीन प्रकारच्या दोऱ्या असतात. पहिली नायलॉनची. नायलॉन १९३५ साली ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि काही वर्षांतच त्याची मासेमारीची दोरी निघाली. दुसरी ब्रेडेड, म्हणजे पॉलिएथिलीनचे अतिशय मजबूत तंतू वेणीसारखे विणून केलेली. तिसरी फ्लोरोकार्बनची. रसायनशास्त्राच्या भाषेत ही पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लास्टिकची ओढलेली तार असते. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ‘सीगार’ या नावाने ती बाजारात आणली. योगायोग असा, की अमेरिकेत बास मासेमारीची सर्वांत मानाची स्पर्धा, बासमास्टर क्लासिक, त्याच वर्षी नेवाडातल्या लेक मीडवर पहिल्यांदा भरली. त्या काळी मात्र या दोरीचा बासशी फारसा संबंध नव्हता. ती इतकी ताठ होती, की रीळ भरण्यासाठी न वापरता गळाजवळच्या हातभर तुकड्यासाठी, म्हणजे लीडरसाठीच वापरली जाई. पुढे ती मऊ होत गेली आणि मग अख्खी रिळे तिने भरू लागली.

आता अदृश्यपणाचे गणित. एखादी पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते, कारण तिच्या पृष्ठभागावर प्रकाश थोडा परावर्तित होतो आणि आत शिरताना थोडा वाकतो. वस्तूचा आणि भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, जितका जवळचा, तितकी वस्तू कमी दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेत बोरोसिलिकेट काचेची कांडी खाद्यतेलात बुडवून ‘गायब’ करतात ती याच तत्त्वावर. दोन्हींचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास असतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या अधिक जवळ आहे, हे जाहिरातवाले सांगतात ते खरेच आहे. पण पुढची पायरी ते सांगत नाहीत. सूत्रात आकडे घालून पाहिले, तर पाण्यात नायलॉनच्या पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण अर्धा टक्का परत फिरतो आणि फ्लोरोकार्बनवरून सुमारे एक दशांश टक्का. फरक चार-पाच पटींचा आहे हे मान्य; पण मुळात अर्धा टक्का म्हणजे किती? हीच नायलॉनची दोरी हवेत चार टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवते. दुकानातल्या दिव्याखाली दोन दोऱ्या शेजारी धरून केलेली तुलना म्हणूनच पाण्यात लागू पडत नाही.

शिवाय बास माणसासारखा दोरी शोधत बसत नाही. जगातला सर्वांत मोठा लार्जमाउथ बास जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये पकडला. त्याचे वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या किंचित वर भरले. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून औंसभर जास्त वजनाचा मासा मिळाला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीचा मानला जातो. पेरींनी तो मासा काढला तेव्हा फ्लोरोकार्बन तर सोडाच, नायलॉनचाही शोध लागायचा होता. नितळ पाण्यात, थंडीच्या दिवसांत, मासा संथ आणि संशयी असताना कमी दिसणाऱ्या दोरीचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. गढूळ पाण्यासाठी मात्र त्या गुणाचे वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मग पैसे कशाचे मोजायचे? वजनाचे. पाण्याची घनता १ धरली, तर पॉलिएथिलीनच्या ब्रेडेड दोरीची ०.९७, नायलॉनची १.१४ आणि फ्लोरोकार्बनची सुमारे १.७८ असते. याचा अर्थ असा, की ब्रेडेड दोरी तरंगते, नायलॉनची आळसावून बुडते आणि फ्लोरोकार्बनची सरळ तळाकडे जाते. पाण्यापेक्षा जास्तीचे वजन तेवढे हिशेबात घेतले, तर नायलॉनचे ०.१४ आणि फ्लोरोकार्बनचे ०.७८, म्हणजे पाचपटीहून अधिक. होडीतून तीस मीटरवर आमिष टाकले आणि वारा आडवा असला, तर तरंगणाऱ्या दोरीला पाण्याच्या पृष्ठभागावर मोठा झोल पडतो. तळाशी माशाने आमिष हलकेच तोंडात घेतले, तर तो धक्का आधी हा झोल ताणण्यात खर्ची पडतो आणि हातापर्यंत काहीच पोहोचत नाही. फ्लोरोकार्बनची दोरी पाण्याखाली जाते, वाऱ्याच्या तावडीतून सुटते आणि रॉडच्या टोकापासून आमिषापर्यंत बऱ्यापैकी सरळ राहते. बासचा स्पर्श पुष्कळदा ‘टक्’ असा एकच असतो, नळाचा थेंब पातेल्यावर पडावा तसा, आणि तो कळणे न कळणे यावर दिवस ठरतो.

म्हणून दोरीची निवड पाण्याच्या रंगापासून नव्हे, तर आमिषापासून सुरू करावी. आमिष तळाशी चालवायचे असेल, तर फ्लोरोकार्बन हवे. टेक्सास रिग नावाची जी मांडणी आहे, तिच्यात मऊ प्लास्टिकच्या गांडुळात गळाचे टोक लपवतात आणि पुढे गोळीच्या आकाराचे शिसे किंवा टंगस्टन ओवतात. ती झाडाझुडपांतून न अडकता सरपटत जाते. तिच्यासाठी १२ ते १७ पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, फ्लोरोकार्बन दोरी चांगली. जिग, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला आणि रबरी झालर लावलेला गळ, उभ्या खोडांमध्ये टाकायचा असेल तर १५ ते २० पौंडांपर्यंत जावे. क्रँकबेट हे पुढे जीभ असलेले, ओढले की बुडी मारणारे आमिष आहे. ते किती खोल जाईल हे दोरीच्या जाडीवर अवलंबून असते, कारण जाड दोरीला पाण्याचा विरोध जास्त होतो. म्हणून तिथे १० किंवा १२ पौंडांची पातळ दोरी लावतात आणि तिच्या वजनाने आमिष खाली राहायला मदतही होते. लहान, हलकी आमिषे स्पिनिंग रीळावरून, म्हणजे ज्याचे स्पूल फेकताना फिरत नाही अशा रीळावरून, टाकायची असतील, तर ६ ते ८ पौंड पुरतात.

जिथे फ्लोरोकार्बन चक्क नडते अशी जागा म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरची आमिषे. पहाटे काठाशी पॉपर, म्हणजे खोलगट तोंडाचे तरंगते आमिष, टाकून ‘बुडुक बुडुक’ आवाज काढत ओढायचे असते, तेव्हा बुडणारी दोरी त्याचे नाक खाली खेचते आणि आमिषाची चाल बिघडते. तिथे साधे नायलॉन उत्तम. स्वस्तही आणि थोडे लवचिक असल्याने माशाने मुसंडी मारली तर गळ तोंडातून उपटला जात नाही. तसेच तलावाच्या कोपऱ्यात हायड्रिला या पाणवनस्पतीची दाट गालिच्यासारखी वाढ असेल, तर ५० ते ६५ पौंडांची ब्रेडेड दोरीच लावावी, कारण तिथे मासा गवतासकट उपसून काढावा लागतो. पन्नास पौंडांची ब्रेडेड दोरी जाडीला बारा पौंडांच्या नायलॉनएवढीच असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

या पौंडांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. बारा पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोंची दोरी म्हणजे बारा पौंडांपर्यंतचाच मासा, असे नाही. तो आकडा दोरीवर थेट पडणाऱ्या ताणाचा आहे. पाण्यात माशाचे वजन पाणी तोलून धरते आणि तो जोराने पळाला तर रीळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सोडून देणारा ब्रेक, मोकळा होतो. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणजे बारा पौंडांच्या दोरीला तीन-चार पौंड. हा अंदाज हाताने ओढून घेणारे पुष्कळ आहेत. मी मात्र भारतात जाताना बॅगा तोलण्यासाठी घेतलेला हुकाचा काटा वापरतो. तेवीस किलोंच्या बॅगेसाठी घेतलेली ती वस्तू वर्षातून दोनदा त्या कामी येते आणि उरलेले वर्षभर मासेमारीच्या पेटीत असते, यावर घरात मतभेद आहेत.

त्याच काट्यावर एका पावसाळी रविवारी स्वयंपाकघरात मी गाठींची परीक्षा घेतली, आणि फ्लोरोकार्बनबद्दल मी जे काही शिकलो त्यातले सर्वांत उपयोगाचे तिथे शिकलो. बारा पौंडांच्या एकाच स्पूलावरची दोरी घेतली. गळाला तीच गाठ काही वेळा कोरडीच झटकन आवळली, काही वेळा थुंकीने ओली करून सावकाश आवळली, आणि मग काट्याचा हूक गळात अडकवून दोरी हाताला टॉवेल गुंडाळून ओढली. कोरड्या गाठी दर खेपेस आधी तुटल्या, आणि तुटल्या त्या गाठीतच. कारण साधे आहे: फ्लोरोकार्बन कठीण असते, वेढे एकमेकांवर घासताना उष्णता निर्माण होते आणि त्या एवढ्याशा जागी दोरी खरवडली जाते. भिंगातून पाहिले तर तिथे पारदर्शकपणा जाऊन दुधाळ पांढरा डाग दिसतो. तुटलेले टोकही बोलके असते. टोक डुकराच्या शेपटीसारखे गुंडाळलेले असेल, तर गाठ सरकून सुटली आहे. ते स्वच्छ कापल्यासारखे असेल, तर दोरी कशालातरी घासून चिरली गेली होती. माझ्या पहिल्या दोन वर्षांत हातचे सुटलेले मासे दोरीने नव्हे, माझ्या गाठींनी सोडले होते, हे त्या दिवशी कळले. तोवर मी दुकानदाराला दोष देत होतो.

कोणती गाठ बांधावी यावर बोटींच्या धक्क्यावर तासन्‌तास वाद चालतात. पालोमार गाठ सोपी आणि मजबूत आहे, पण तिच्यात दुहेरी दोर एकमेकांवर आडवे चढले तर फ्लोरोकार्बन स्वतःलाच कापते. ते समांतर बसतील असे पाहावे. सॅन डिएगो जॅम ही गाठ जाड दोरीला अधिक मानवते असा माझा अनुभव आहे. ब्रेडेड दोरीला फ्लोरोकार्बनचा लीडर जोडायचा असेल, तर डबल युनी शिकायला सोपी आणि एफजी गाठ अवघड पण सडपातळ, रॉडच्या कड्यांतून न अडकता जाणारी. कोणतीही बांधा, ती ओली करून सावकाश आवळा आणि दुधाळ डाग दिसला तर आळस न करता कापून पुन्हा बांधा.

‘फ्लोरोकार्बन ताणत नाही’ हे वाक्यही दुकानात हमखास ऐकू येते, आणि ते चूक आहे. हलक्या ओढीला ही दोरी नायलॉनपेक्षा कमी ताणली जाते, त्यामुळे हाताला ती ताठ वाटते. ओढ वाढली की मात्र तीही चांगलीच ताणली जाते. फरक पुढे आहे: नायलॉन बऱ्याच अंशी पूर्ववत होते, फ्लोरोकार्बन पुरते आखडत नाही. बुडालेल्या ओंडक्यात गळ अडकला आणि तुम्ही दोन्ही पाय रोवून जोर लावून तो सोडवला, तर दोरीचा तेवढा भाग कायमचा बारीक आणि कमजोर झालेला असतो, मग तो दिसायला कितीही ठीक असो. असे झाल्यावर शेवटची दोन-तीन मीटर दोरी कापून टाकावी. रीळावर गुंता होऊन दोरीला मोड पडली असेल, तरीही तेच करावे. हीच दोरी पाणी मात्र जवळजवळ शोषतच नाही, ही तिची जमेची बाजू आहे. नायलॉन पाण्यात पूर्ण मुरले तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पिते आणि ओले असताना कमकुवत होते. फ्लोरोकार्बन सकाळी जसे होते तसेच संध्याकाळी असते.

खरेदी करताना डबीवर तीन गोष्टी वाचाव्यात. एक, दोरी ‘१०० टक्के फ्लोरोकार्बन’ आहे का. कारण आत नायलॉन आणि वरून फ्लोरोकार्बनचा मुलामा अशाही दोऱ्या मिळतात. त्या वाईट नसतात, पण त्यांत वरचे वजनाचे गणित लागू होत नाही. दुसरी गोष्ट मिलिमीटरमधली जाडी. बारा पौंडांच्या दोन कंपन्यांच्या दोऱ्यांची जाडी वेगळी असू शकते, आणि तुलना करायची तर जाडीची करावी, साधारण ०.२८ ते ०.३० मिलिमीटर ही बारा पौंडांची नेहमीची जाडी आहे. ‘बारा पौंड’ लिहिलेली दोरी बाकीच्यांपेक्षा जाड असेल, तर ती मजबूत वाटण्याचे रहस्य तिथेच आहे. तिसरी, ती लीडरची आहे की रीळ भरण्याची. लीडरची दोरी मुद्दाम ताठ केलेली असते आणि छोट्या स्पूलावर, पंचवीस यार्डांच्या आसपास मिळते. तिने रीळ भरले तर पहिल्याच फेकीला स्प्रिंगसारखी वेटोळी उसळून बाहेर येतात.

ही वेटोळी हा फ्लोरोकार्बनचा मूळ स्वभावच आहे. दोरी ज्या गोलाईत गुंडाळून राहिली ती तिला आठवते, आणि स्पिनिंग रीळाचे स्पूल लहान असल्यामुळे तिथे हा त्रास जास्त होतो. त्यावर सर्वांत चांगला तोडगा म्हणजे स्पिनिंग रीळावर ब्रेडेड दोरी भरून पुढे दोन-तीन मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर जोडणे. बेटकास्टिंग रीळावर, म्हणजे ज्याचे स्पूल फेकताना स्वतः फिरते त्यावर, मात्र पूर्ण फ्लोरोकार्बन निभावते. तेही काठोकाठ न भरता कडेपासून तीन मिलिमीटर खाली ठेवावे. खर्चाचा प्रश्न असेल, तर रीळाचा तळचा अर्धा भाग स्वस्त नायलॉनने भरावा आणि वर सत्तर-ऐंशी यार्ड फ्लोरोकार्बन जोडावे, कारण फेक त्यापलीकडे सहसा जात नाही. दोनशे यार्डांचे एक स्पूल अशा रीतीने दोन-अडीच वेळा पुरते.

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो आणि २४ इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. पण बहुतेक जण तोही सोडतातच. ‘सोडायचाच होता, तर पकडला कशाला?’ हा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा प्रश्न दर उन्हाळ्यात ठरलेला असतो. सोडायचा असेल तर मासा फार दमवू नये. त्यासाठी दोरी गरजेपेक्षा बारीक नसणे बरे. सहा पौंडांच्या दोरीवर मोठा मासा वीस मिनिटे खेळवण्यात शौर्य नाही.

दोरी कधी बदलायची, याला महिन्यांचे गणित लागू पडत नाही. दर तासाला शेवटचा हातभर भाग अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढून पाहावा. कुठे खरखर लागली, तर त्याच्या वर कापावे. डोळ्यांना जे दिसत नाही ते नखाला कळते. कापलेला तुकडा पाण्यात टाकू नये. उन्हाने आणि पाण्याने नायलॉन झिजायलाच फार वर्षे लागतात, आणि फ्लोरोकार्बन तर ऊन-पाण्याला दाद न देण्याबद्दलच नावाजलेले आहे. त्या तुकड्यात बगळ्याचा पाय अडकला तर तो सुटत नाही. बोटी उतरवायच्या अनेक धक्क्यांवर जुन्या दोरीसाठी उभा पांढरा पाइप बसवलेला असतो. तो नसला, तर तुकडे चार बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवावेत आणि पँट धुवायला टाकण्यापूर्वी आठवणीने काढावेत.